लाकडी आईस्क्रीम पॉट: घ्यायचा तर बुडापासून झाकणापर्यंत बघून

मे महिन्यात चाकरमान्यांची पोरे गावच्या घरी उतरली की दुपारी दोन ते पाच हा वेळ कुणालाच आवरत नाही. उन्हात समुद्रावर सोडता येत नाही, आणि पत्ते तिसऱ्या दिवशी भांडणावर येतात. या वेळेला हाताने फिरवायच्या आईस्क्रीम पॉटसारखा उतारा नाही. शिवाय त्याला वीज लागत नाही. वळवाचे ढग जमले की आधी वीज जाते, त्यामुळे कोकणात ही बाब क्षुल्लक नाही.

पण दुकानात मांडलेला प्रत्येक पॉट घरी गेल्यावर चालतोच असे नाही. बरेच पॉट पहिल्या वर्षी एकदा फिरतात, आईस्क्रीम खारट होते किंवा घट्टच होत नाही, आणि पॉट माळ्यावर जातो. दोष बहुतेक वेळा चार-पाच ठरलेल्या जागांवर असतो. त्या जागा आधी बघता येतात.

पॉटची रचना सोपी आहे. बाहेर बादली, आत धातूचा उभा डबा, डब्यात पाते, वर झाकण आणि त्यावर आडवी पट्टी. त्या पट्टीत दातेरी चक्रे आणि हँडल. हँडल फिरवले की साध्या पॉटमध्ये डबा फिरतो आणि पाते जागच्या जागी उभे राहते. डब्याच्या भिंतीला गोठलेला पातळ थर पाते खरवडून आत ढकलते. बादली आणि डब्याच्या मधल्या जागेत बर्फ आणि मीठ. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी 1843 साली अशा हातयंत्राचे पेटंट घेतले. तेव्हापासून मूळ रचनेत फारसा फरक पडलेला नाही.

पाते हा पॉटचा जीव. दुकानात बाकी काही बघितले नाही तरी चालेल, पाते मात्र डब्यात बसवून बघावेच. वर्तमानपत्राची दोन बोटे रुंद पट्टी पात्याची फळी आणि डब्याची भिंत यांच्यामध्ये सोडावी आणि डबा हाताने हळू फिरवावा. पट्टी अडकली, ओढताना फाटली, तर पाते भिंतीला टेकते आहे. सहज निघून आली तर मध्ये फट आहे, आणि त्या फटीएवढा बर्फाचा थर डब्याला आतून चिकटून राहणार. तो थर थंडी आत पोहोचू देत नाही. बाहेर भिंतीला दगड आणि मधोमध दूध, अशी तक्रार करणाऱ्यांच्या पॉटमध्ये नव्वद टक्के वेळा हीच फट सापडेल. पट्टीची परीक्षा वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्यावी, कारण स्वस्त डबे खाली किंचित निमुळते असतात. लाकडी फळ्यांचे पाते सर्वांत चांगले. फळ्या थोड्या झिजल्या तरी मागच्या स्प्रिंगने पुढे सरकतात. एकसंध प्लास्टिकचे पाते ही सोय देत नाही, आणि गारठ्यात कडक झाल्यावर टोकाला तुटते. तुकडा आईस्क्रीममध्ये सापडतो, आणि नेमका लहान मुलाच्या वाटीत.

डबा स्टीलचाच घ्यावा. अ‍ॅल्युमिनियमला बाहेरून खारे पाणी आणि आतून आंब्याचा आंबटपणा, दोन्ही सोसत नाही. दोन-तीन मोसमांत बारीक खड्डे पडतात. घरात आजोबांच्या काळचा पॉट असेल तर आतली कल्हई बघावी. जिथे गेली असेल तिथे कल्हईवाल्याकडून करून घेईपर्यंत दूध ओतू नये.

झाकण घट्ट बसून डब्यासोबत फिरले पाहिजे. झाकणाच्या खाचा डब्याच्या कानांत नीट बसत नसतील तर हँडलबरोबर नुसते झाकण फिरते, डबा उभाच. मुले अर्धा तास जोर लावतात आणि वर कुणीतरी विचारते, "झाला काय रे?"

आता बादलीला बाहेरून असलेले भोक. हे दुकानात कुणी बघत नाही आणि आईस्क्रीम खारट होण्याचे मुख्य कारण हेच. वितळलेले खारे पाणी वर चढत जाते. ते झाकणाच्या कडेपर्यंत पोहोचायच्या आत भोकातून बाहेर पडले पाहिजे. म्हणून भोक झाकणाच्या कडेपेक्षा निदान दोन बोटे खाली असावे. डबा बादलीत ठेवून, झाकण लावून, बाहेरून बोटाने मोजून बघावे. भोक वर असेल तर तो पॉट घेऊ नये, किंवा सुताराकडून खाली नवे पाडून घ्यावे. फिरवताना बर्फाचा तुकडा आतून या भोकाला बूच मारतो. दर पाच मिनिटांनी त्यात काडी घालायचे काम सात-आठ वर्षांच्या मुलाला द्यावे. तो ते इतक्या इमानाने करतो की मोठ्यांनी लक्ष ठेवायची गरज पडत नाही.

लाकडी की प्लास्टिक? माझे मत लाकडीच्या बाजूने, पण डोळे मिटून नव्हे. लाकूड बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, बर्फ कमी लागतो. एकपदरी प्लास्टिकच्या बादलीला बाहेरून घाम फुटतो, तो सगळा बर्फाचा तोटा. उलट लाकडी बादली म्हणजे उभ्या फळ्या आणि लोखंडी वेढे. दहा महिने माळ्यावर राहिली की फळ्या आकसतात, आणि पाणी ओतताच चाळणीसारखी गळते. ती फुटलेली नसते. आदल्या दिवशी सकाळी विहिरीवर किंवा नळाखाली काठोकाठ भरून ठेवावी, कमी होईल तसे पाणी घालत राहावे. रात्रीपर्यंत फळ्या फुगून फटी मिटतात. दुसऱ्या दिवशीही धार लागत असेल तर मात्र वेढा सैल आहे. तो खाली ठोकून घट्ट करावा लागतो. वापर झाल्यावर बादली उन्हात वाळत टाकली तर फळ्या पुन्हा सुटतात, म्हणून पडवीत सावलीला उपडी ठेवावी. एवढी निगा होणार नसेल तर सरळ प्लास्टिकचा घ्यावा आणि भोवती ओले गोणपाट गुंडाळावे.

विजेच्या मोटरचे पॉटही मिळतात. मिश्रण घट्ट व्हायला लागले की मोटर कण्हते आणि गरम होते. मुलांना बघण्यापलीकडे काम नाही, म्हणजे घेण्याचा अर्धा हेतूच गेला. फ्रीजरमध्ये दिवसभर गोठवायच्या भांड्याची छोटी यंत्रे चौघांपुरती ठीक.

बर्फ आणि मीठ यांचे प्रमाण ही दुसरी जागा, जिथे अंदाजपंचे चालत नाही. साखर घातलेले दूध 0 अंशाला गोठत नाही, त्याहून दोन-तीन अंश खाली गोठायला सुरुवात होते. नुसता बर्फ वितळत असताना 0 अंशावरच अडून राहतो, म्हणून नुसत्या बर्फात पॉट संध्याकाळपर्यंत फिरवला तरी उपयोग नाही. मीठ मिसळले की बर्फ 0 अंशाच्या खालीही वितळत राहतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. मिठाचा अंश 23 टक्क्यांच्या आसपास असेल तर हे पाणी उणे 21 अंशांपर्यंत द्रव राहू शकते. पॉटमध्ये तेवढे खाली जायची गरज नसते आणि जाऊही नये. 3 लिटरच्या पॉटला फिरवताना 6 किलो बर्फाला सव्वा किलो मीठ, आणि नंतर मुरवताना 3 किलो बर्फाला पाऊण किलो. म्हणजे एकूण 9 किलो बर्फ, 2 किलो मीठ. मीठ जास्त पडले तर भिंतीवरचा थर पात्याने निघेनासा होतो, हँडल दहा मिनिटांतच अडते आणि आत खडे लागतात. कमी पडले तर मिश्रण ताकासारखे घुसळत राहते आणि शेवटी त्यात लोण्याचे कण तरंगतात. ते परत मिसळत नाहीत.

मीठ जाडे, खडेमीठच हवे. बारीक मीठ एकदम विरघळून तळाशी जाते, खडे थरांमध्ये अडकून हळूहळू काम करतात. शिरोड्याच्या मिठागरांचा 1930 चा सत्याग्रह शाळेच्या पुस्तकातून माहीत असलेल्या मुलांना, त्याच किनाऱ्याचे जाडे मीठ बाजारात मिळाले तर, मुद्दाम दाखवून आणावे.

बर्फ बंदरावरून आणणे स्वस्त पडते. हर्णै, मिरकरवाडा, साखरीनाटे, मालवण, जिथे मासळी उतरते तिथे बर्फ मिळतोच. 1 जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, त्यामुळे मे संपायच्या आत बेत उरकावा. हा बर्फ मासळीसाठी असतो, खायचा नसतो. न खाण्याच्या बर्फाला निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात 2018 साली आला तो याचसाठी. डब्याबाहेर वापरायला हरकत नाही, पण मुलांची सवय बर्फ उचलला की तोंडात. खायचा बर्फ हवा असेल तर घरच्या फ्रीजचा वेगळ्या भांड्यात ठेवावा आणि लादीतला कुणी तोंडात घालायचा नाही हे सुरुवातीलाच बजावावे. लादी गोणपाटात गुंडाळून मोगरीने फोडावी. तुकडे लिंबाएवढे. मोठे राहिले तर डब्याला टेकत नाहीत, चुरा झाला तर वितळून जातो.

मिश्रणाचे माप 3 लिटरच्या पॉटसाठी असे. म्हशीचे दूध 1 लिटर, आटवून 800 मिलिलिटर. गरम असतानाच साखर 175 ग्रॅम. गार झाल्यावर ताजी साय किंवा क्रीम 200 मिलिलिटर, गुठळ्या मोडून. हापूसचा रस 600 ग्रॅम, म्हणजे 4 ते 5 मध्यम फळे. यासाठी पेटीतले देखणे आंबे कापू नयेत, डागी चालतात. मात्र फळ कापल्यावर आत पांढुरका, चिवट भाग दिसला तर तो साका असतो. तो आंबट असतो, काढून टाकावा. सगळे मिळून पावणेदोन लिटरच्या आत भरते आणि डबा जेमतेम अर्ध्याच्या वर येतो. तसेच हवे. मिश्रणात हवा शिरते, ते फुगते. दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरलेला डबा झाकण उचलतो आणि खाऱ्या पाण्याला वाट मिळते.

रस गरम दुधात घातला की दूध फाटते. कोमटातही फाटते. दूध फ्रीजमध्ये चार तास ठेवून पूर्ण गार झाल्यावरच रस घालावा आणि मिश्रण पुन्हा थोडा वेळ गार करावे. डबा आणि पातेही फ्रीजमध्ये. गार मिश्रणाला फिरवणे दहा मिनिटांनी कमी लागते. डबाबंद आमरस वापरत असाल तर त्यात आधीच साखर असते, म्हणून साखर 100 ग्रॅमवर आणावी. साखर जास्त झाली की मिश्रण हट्टाने पातळ राहते, बर्फ कितीही ओता.

कोकम दुधात नको. बरक्या फणसाचा रस फार छान होतो, पण चाळणीतून गाळूनच, नाहीतर धागे पात्याला गुंडाळतात आणि हँडल अडकते. शहाळ्याच्या मलईला चिमूटभर मीठ आतून लागते, एरवी चव सपाट.

जागा ठरवताना शेणाने सारवलेले खळे टाळावे, खाऱ्या पाण्याचा चिखल होतो. पडवीच्या बाहेरची चिऱ्याची पायरी, सावलीतली, बरी. बादली ठेवून मध्ये डबा, पात्याचे टोक डब्याच्या तळाच्या उंचवट्यावर नीट बसले आहे ना हे बघायचे, पट्टी अडकवायची आणि बर्फ घालण्याआधी रिकामे चार फेरे फिरवून घ्यायचे. इथे खरखर आली तर आता दुरुस्त होते, नंतर नाही. मग तीन बोटे बर्फ, त्यावर मूठभर मीठ, पुन्हा बर्फ. पहिला थर नुसत्या बर्फाचा. मीठ घालण्याचे काम चार-पाच वर्षांच्या पोरांचे, पण वाटीने आणि मोठ्याच्या नजरेसमोर. हाताने नको, बोटाला बारीक ओरखडा असला तरी रडारड होते. खारे पाणी उणे दहा अंशांच्या खाली असते, त्यात हात बुडवणे गमतीचे नाही. ओल्या बोटाने डब्याला हात लावला तर बोट चिकटते. चिकटलेच तर ओढायचे नाही, वरून साधे पाणी ओतायचे.

पहिली पाच-सात मिनिटे हळू, दोन सेकंदांना एक फेरा. इथे सहा-सात वर्षांची मुले. प्रत्येकाने पन्नास फेरे मोजायचे, मोठ्याने, म्हणजे पाळीवरून भांडण होत नाही. हँडल जड वाटू लागले की वेग दुप्पट-तिप्पट. हवा याच वेळी आत जाते, म्हणून इथे बारा-पंधरा वर्षांचे हात हवेत. शेवटची पाच मिनिटे बापयांची. बादली जागची हलायला लागते, तेव्हा वर चौपदरी गोणपाट घालून एका पोराला त्यावर बसवायचे. पट्टीवर नव्हे, बादलीच्या कडेवर, पाय बाहेर. हे आसन मिळवण्यासाठी घरात वशिले लागतात. एकूण 25 ते 30 मिनिटांत हँडल फिरेनासे होते. तिथे थांबायचे. जोर करून फिरवले तर दाते तुटतात.

झाकण उघडण्याआधी बर्फ झाकणाच्या खाली चार बोटे उतरवावा आणि झाकणाची कड, पट्टी कोरड्या फडक्याने पुसावी. ही दोन मिनिटे वाचवणाऱ्याच्या वाटीत मीठ येते. पाते सरळ वर उचलून काढायचे. त्याला भरपूर आईस्क्रीम चिकटलेले असते, आणि ते कुणी चाटायचे हे आधी ठरलेले नसेल तर पुढचा अर्धा तास गेला. डबा पुन्हा बंद करून, पात्याच्या दांड्यासाठी झाकणाला मधोमध असलेल्या भोकात बूच घालून, पाणी काढून टाकावे, ताजा बर्फ आणि मीठ वरच्या प्रमाणात भरावे, गोणपाटाने झाकून तासभर मुरवावे. लगेच वाढले तरी खाता येते, पण वाटीत वाढेपर्यंत कडा सुटतात.

दीड तास आधी सुरुवात केली तर जेवणानंतर पानावर वाढता येते. मात्र ज्या दिवशी दुपारी मासळीचे तिखले आहे त्या दिवशी पॉट पाचला. मासळीवर दूध अनेक घरांत चालत नाही, आणि आजीशी वाद घालून आईस्क्रीम गोड लागत नाही. सोमवार किंवा संकष्टी धरली तर प्रश्न मिटतो.

या मापात पंधरा वाट्या होतात, लहान वाट्या. विकतच्या आईस्क्रीममध्ये हवा पुष्कळ असते. नियमाने लिटरचे वजन 525 ग्रॅमच्या खाली जायला नको, एवढीच अट. पॉटच्या लिटरभर आईस्क्रीमचे वजन साडेआठशे ग्रॅमच्या घरात जाते, म्हणून छोटी वाटी पोटभर होते. स्निग्धता मात्र उलटी. विकताना आईस्क्रीम म्हणवायला दुधातला स्निग्धांश निदान 10 टक्के लागतो, वरच्या मापात तो साडेसहाच्या आसपास बसतो. त्यामुळे उरलेले फ्रीजरमध्ये टाकले की दुसऱ्या दिवशी चमचा वाकतो. उरवू नये, शेजारी पाठवावे.

समुद्राजवळच्या घरात पॉटचा खरा शत्रू गंज. त्याच संध्याकाळी सगळे भाग तीनदा गोड्या पाण्याने धुवावेत, चक्रांच्या दात्यांत जुना दातांचा ब्रश फिरवावा, पुसून कोरडे करावे. चक्रांना तेल लागते, पण खोबरेल नको. ते 24 अंशांच्या खाली थिजते, आणि बर्फाला लागून असलेल्या चक्रात थिजलेले खोबरेल म्हणजे ब्रेक. वापरताना थेंबभर तीळतेल, ठेवताना तेही पुसून टाकावे, नाहीतर वर्षभरात चिकट राळ होते. खारे पाणी जास्वंदीच्या किंवा पोफळीच्या बुडाशी ओतू नये, विहिरीच्या कठड्याजवळ तर नाहीच.

कुणी घ्यावा? सुट्टीत आठ-दहा माणसे जमतात, अंगण आहे आणि वर्षातून तीन-चार वेळा फिरवला जाईल, त्यांनी स्टीलच्या डब्याचा 3 लिटरचा लाकडी पॉट घ्यावा. 5 लिटरचा दिसायला भारी, पण शेवटची मिनिटे दोन गड्यांची होतात आणि मुले बाजूला पडतात. तिघांच्या बिऱ्हाडाने घेऊ नये. लग्नामुंजीची भांडी भाड्याने देणाऱ्यांकडे पॉटची चौकशी करावी. भाड्याचा आणलात तर पैसे देण्याआधी तिथेच कागदाची पट्टी लावून बघा, आणि झाकणाच्या भोकाचे बूच जागेवर आहे की नाही तेही. ते हमखास हरवलेले असते. केळीच्या पानाचा बोळा चालतो.